थोरले जावई

१

कुणी म्हणजे कुणी करवतीवर विश्वास ठेवला नाही. डॉक्टरने नाही, नणंदेने नाही, पोटच्या पोरीनेसुद्धा नाही. नवऱ्याच्या तोंडात काहीतरी आहे, एवढंच ती सांगत होती. साधं वाक्य. त्यात ना भूत ना जादूटोणा. पण बाईमाणसाने जन्मभर तोंड वाजवलं की एक दिवस खरं सांगायची वेळ येते, आणि ऐकणारे म्हणतात, वाजलं पुन्हा.

करवत हे काही तिचं नाव नव्हे. मासळीबाजारात ती गिऱ्हाइकांना मासे साफ करून, कापून द्यायची, आणि तिचा आवाज असा की ती या टोकाला बोलली की त्या टोकाला दोघांचा जमत आलेला सौदा फिसकटायचा. म्हणून करवत. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती वाढवून सांगायची, तिखट लावून सांगायची, पण नसलेलं कधी सांगितलं नाही. हा फरक लोकांच्या लक्षात आला नाही, त्याला ती काय करणार.

नवरा तिच्यापेक्षा वरचढ. त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. नदीकाठच्या सरकारी मत्स्यकेंद्रात तो टाक्या सांभाळायचा. तिथे मिशाळ ठेवलेले होते. मिशाळ म्हणजे नदीतला रुंद जबड्याचा मासा, अंगावर खवला नाही, तोंडाभोवती लांब मिशा. करवतीच्या लहानपणी तो पाटीत मावत नसे, शेपूट खाली लोंबायची. मग नदीला बंधारे पडले, कारखान्यांचं पाणी आलं, आणि नदीत मिशाळ औषधालाही उरला नाही. केंद्रात होते तेवढेच, आणि त्यात नर एकच. म्हातारा. आयतं खायचा, दिवसभर तळाशी पडून राहायचा, आणि त्याच्या टाकीचं पाणी जरा कोमट झालं की केंद्राच्या मॅडम पळत यायच्या. रेडिओने त्याचं नाव ठेवलं जावई. सरकारचा जावई.

पुढे लेकीचं लग्न झालं आणि घरातही जावई आला. घोळ व्हायला लागला. ‘आज जावयाला बरं नव्हतं’ म्हटलं की लेक घाबरी व्हायची. तेव्हा रेडिओने तोड काढली. टाकीतले ते थोरले जावई, घरातले ते धाकटे. धाकटा बिचारा स्वभावाने गरीब, माशाच्या पाठचा म्हटलं तरी हसायचा. पंप आणि मोटारी दुरुस्त करायचं त्याचं काम, हाताला गुण होता. खोड एकच. काहीही सांगा, म्हणायचा, ‘उद्या बघतो.’ करायचा, नाही असं नाही. पण उद्या.

रेडिओ कामावरून सुटला की आधी त्याचा आवाज घरी यायचा, मग तो. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी तो कुणाला तरी काहीतरी सांगत असायचा, तो आवाज कानावर पडला की करवत चहाचं आधण ठेवायची. घड्याळ बघायची गरज तिला कधी पडली नाही.

त्या दिवशी आवाज आलाच नाही. ती पाठमोरी बसून भांडी घासत होती. सहज मान वळवली तर तो उंबऱ्यात उभा. कधीपासून, कोण जाणे. कपडे छातीपर्यंत ओले. ती दचकली, म्हणून तो हसला. ओठ न उघडता.

२

रुसलाय, असं तिला वाटलं. सकाळी ती त्याला बरंच काही बोलली होती, पण ते रोजचंच, त्याने कुणी रुसत नाही. तिने चहा करून समोर ठेवला. त्याने कप परत तिच्याकडे सरकवला. भात वाढला, तर ताटही सरकवलं. रागाने ढकललं नाही. झोपलेल्या मुलाजवळची वस्तू आपण आवाज न करता बाजूला करतो, तसं.

‘काय मूग गिळून बसलात?’ तिने विचारलं.

त्याने मान हलवली. नाही.

‘मग मिठाची गुळणी धरलीय का?’

यावर त्याने मान हलवली नाही. नुसता तिच्याकडे बघत राहिला.

रेडिओ बंद झाला की घरातले बाकीचे आवाज वर येतात. नळाची टिपटिप. पत्र्यावर चालणारं मांजर. शेजारणीचं शिवणयंत्र. हे सगळे आवाज तिच्या ओळखीचे निघाले, एक सोडून. तो बारीक होता, घशातल्या घशात यावा तसा. कुर्र. थोडं थांबून पुन्हा, कुर्र. दोन ओले गोटे एकमेकांवर घासल्यासारखा. तिने खाटेखाली बघितलं, तांदळाचा डबा हलवून बघितला, उंदीर असेल म्हणून भिंतीच्या कडेने झाडू फिरवला. उंदीर नव्हता. मग तिच्या ध्यानात आलं की नवरा मोरीत गेला की आवाज मोरीतून येतो, आणि खाटेवर येऊन बसला की खाटेवरून.

मोरीत तो सारखाच जायचा. पाण्याच्या ड्रमावर वाकायचा, ओंजळ ओठांना लावून पाणी आत घ्यायचा, आणि थोड्या वेळाने ते ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर गळायचं, हनुवटीवरून गळ्यावर. एक थेंब गिळायचा नाही. मधूनमधून गाल हलवायचा, चूळ भरल्यावर हलवतात तसे, पण फार सावकाश, आणि थुंकायचा नाही.

मासा पाणी असंच घेतो आणि असंच सोडतो. पण हा विचार आला तशी तिने तो झटकून टाकला. बाई, ती स्वतःला म्हणाली, कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं. तू जन्मभर मासे कापलेस, तुला दुसरं काय दिसणार.

३

काय झालं ते तिला धाकट्या जावयाकडून कळलं. दुसऱ्या दिवशी तो आला, आत न येता उंबऱ्यावरच बसला, आणि सासऱ्यांकडे न बघता सांगत राहिला.

थोरल्या जावयाच्या टाकीत हवा सोडणारी मोटार बंद पडली होती. निरोप मिळाला तसा तो हत्यारांची पिशवी घेऊन धावत गेला. पोचला तेव्हा मासा उताणा झाला होता आणि सासरे टाकीत उतरले होते, छातीभर पाण्यात. मासा त्यांनी दोन्ही हातांवर घेतला होता, तान्ह्या पोराला घेतात तसा. आपलं तोंड त्याच्या तोंडावर वाकवलं होतं.

‘मला वाटलं, रडताहेत,’ धाकटा जावई म्हणाला. ‘म्हणून मी मागे फिरलो. म्हटलं, पुरुषमाणूस आहे, मोकळेपणाने रडू द्यावं.’

नंतर मॅडम आल्या. त्यांनी मेलेल्या माशाचं तोंड उघडून बघितलं. ते रिकामं होतं, म्हणून मॅडम फार रडल्या. करवतीला याचा अर्थ लागला नाही. मेलेल्या माशाचं तोंड रिकामंच असतं, त्यात रडण्यासारखं काय.

मोटार बंद कशाने पडली, असं तिने विचारलं. धाकटा जावई चपलेचा अंगठा चाचपत बसला. खाटेवरून आवाज आला, कुर्र, आणि तो उठून गेला.

४

ती नवऱ्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने छाती तपासली, नाडी बघितली, पण जिभेवर ठेवायची पट्टी पुढे केली तसा रेडिओने त्याचं मनगट धरलं. पिळलं नाही, मुरगाळलं नाही, नुसतं धरून ठेवलं आणि त्याच्याकडे बघत राहिला. डॉक्टरने पट्टी परत ठेवली. पुढची तपासणी त्याने दोन हात लांबूनच केली. धक्का बसलाय म्हणाला. मनाची दातखीळ आहे, आपोआप सुटेल. तोंडात काहीतरी आहे, असं करवतीने सांगितलं तर म्हणाला, दात असतात तोंडात, बाई.

नणंद बघायला आली आणि भावाची दशा बघायच्या आधी भावजयीलाच बोलली. तुझ्यापुढे आजवर कोण टिकलंय, म्हणाली, दमला असेल माझा भाऊ. करवतीने तिला तिथल्या तिथे सुनावलं, पण सुनावताना तिच्या लक्षात आलं की नणंद बोलता बोलता भावापासून लांब, दाराकडे सरकत चाललीय. आणि ते तिला स्वतःलाही कळत नाहीये.

बाजारात तर आयती करमणूक झाली. रेडिओचे सेल संपले, असं एक जण म्हणाला आणि ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. सेल बदल की, करवत. पाठीत एक धपाटा घाल, जुने रेडिओ तसेच चालू होतात. ती सगळ्यांना उलट उत्तर देत होती आणि हातातला मासा नको तिथे कापत होती. घरी नवऱ्याच्या पट्ट्याला तिने सळई तापवून नवं भोक पाडलं होतं, आणि ते जुनं होऊन आणखी एक पाडायची वेळ आली होती. अंग झडत होतं. फक्त हनुवटीखालची कातडी तेवढी भरत चालली होती, ओल्या पिशवीसारखी.

एकदा रागाच्या भरात ती भर बाजारात बोलून गेली, हे सगळं जावयाने केलंय. तिच्या मनात मासा होता. ऐकणाऱ्यांच्या मनात लेकीचा नवरा. संध्याकाळ व्हायच्या आत शब्द लेकीच्या घरी पोचला आणि लेक तणतणत आली.

‘माझ्या नवऱ्याने काय केलं गं बाबांना?’

‘तुझ्या नव्हे. थोरल्याबद्दल म्हणत होते मी.’

‘थोरला तर मेला.’

‘मेला म्हणून काय झालं,’ करवत म्हणाली. आणि आपण असं का म्हणालो, हे तिचं तिलाच सांगता येईना.

५

शेवटी ती केंद्रात गेली. थोरल्या जावयाची टाकी उपसून कोरडी केली होती, भिंतीवर पाण्याची जुनी रेघ तेवढी राहिली होती. शेजारच्या टाक्यांत माद्या तळाशी पडून होत्या. करवत काठावरून चालली तशा त्यांच्या मिशा हलल्या.

मॅडम भल्या होत्या. खुर्ची दिली, पाणी दिलं. मेल्यानंतर माशाचं तोंड उघडून का बघितलं, असं करवतीने विचारलं, तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. मिशाळाची मादी अंडी घालून निघून जाते. नर ती तोंडात घेतो आणि पिल्लं सुटी पोहायला लागेपर्यंत तोंड मिटून राहतो. तोवर खात नाही. खायला गेलं तर पिल्लं गिळली जातील ना.

‘वाळून जात असेल,’ करवत म्हणाली.

‘काडी होतो. पण सोडत नाही.’

‘आणि मध्येच मेला तर?’

मॅडमनी चष्मा काढून पुसला. तर सगळंच संपतं, त्या म्हणाल्या. या नराच्या तोंडात शेवटची अंडी होती. पाणी बिघडल्यावर घाबरून गिळली असतील, असं त्यांना वाटलं होतं. म्हणून त्यांनी पोटही फाडून बघितलं. पोटातही काही नव्हतं.

‘मग गेली कुठे?’

‘पाण्यात विरघळली असतील,’ मॅडम म्हणाल्या. पण म्हणताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

करवतीने त्यांनाही सांगितलं. माझ्या नवऱ्याच्या तोंडात काहीतरी आहे. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना हवी तेवढी रजा घेऊ दे, म्हणाल्या, त्यांचा फार जीव होता त्याच्यावर.

घरी येईपर्यंत करवत स्वतःशी भांडत होती. माणूस तो माणूस, मासा तो मासा. माणसाच्या तोंडात लाळ असते, ऊब असते, तिथे नदीतलं काही जगेल कसं? आणि जगलं तरी माणूस ते धरून का ठेवील? मग तिला त्याचा हात आठवला, ताट हलकेच बाजूला सारणारा. लेक तान्ही होती तेव्हा तो असाच वागायचा. ती झोपली की बोलणं बंद. एरवी मरेपर्यंत गप्प न बसणारा माणूस, पण पोर छातीवर झोपलं की तासन् तास हूं की चूं करायचा नाही.

६

दुपारी तो ड्रमाला टेकून बसल्या बसल्या पेंगत होता. ऊन मोरीच्या झरोक्यातून सरळ त्याच्या चेहऱ्यावर आलं होतं. करवतीने ठरवलं, एकदाचं बघायचं. काही नसेल तर आपण खुळ्या, मग डॉक्टरच्या पाया पडू. आणि काही असेल तर ते काढून टाकायचं. माणूस डोळ्यांदेखत उपाशी मरत होता, आता लाज कसली.

कितीही दातखीळ बसलेल्या माशाचं तोंड कसं उघडायचं, ते तिच्या हातांना माहीत होतं. जबड्याच्या सांध्यात अंगठा रोवायचा आणि खाली दाबायचं. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. गालांवर दोन्ही हात ठेवले. गाल गार होते. आतून काहीतरी तिच्या तळव्यांना लागलं आणि बाजूला झालं.

तिने दाबलं.

जीभ दिसली नाही. जीभ असते तिथे, गालांच्या आत, मागे घशापर्यंत, सगळं भरलेलं होतं. वाटाण्याएवढं एकेक, पिवळट, ओलं. प्रत्येकात एक काळा ठिपका. ऊन आत गेलं तसे ते ठिपके फिरले. सगळे मिळून, एकाच बाजूला. तिच्याकडे.

तोंड मिटलं. तिने मिटलं की त्याने, ते तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. बघते तर तो जागा होता. डोळ्यांत राग नव्हता. एक दाणा बाहेर घरंगळून त्याच्या शर्टावर पडला होता. त्याने तो दोन बोटांत अलगद उचलला, ओठांची बारीक फट केली आणि परत आत ठेवला.

काढून टाकायचं, असं ठरवून आलेली बाई हात मांडीवर ठेवून बसून राहिली. माशांची पोटं फाडताना तिने कितीतरी अंडी बादलीत भिरकावली होती, त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं. पण ती अंडी तिच्याकडे बघत नव्हती.

७

तिने लेक आणि धाकट्या जावयाला बोलावून घेतलं आणि जसं दिसलं तसं सांगितलं. या खेपेला तिखट नाही, मीठ नाही. लेक रडायलाच लागली. आई, पुरे कर, म्हणाली, बाबा चाललेत आणि तुला गोष्टी सुचताहेत. तोंडाला मोठा फोड असेल, पू झाला असेल, उद्या मोठ्या दवाखान्यात नेऊ. ती पाणी प्यायला आत गेली.

धाकटा जावई भिंतीला टेकून उभा होता. तो हसला नाही, आणि रडलाही नाही. त्याने एकच विचारलं.

‘हलत होते का?’

‘बघत होते,’ करवत म्हणाली.

त्याने मान खाली घातली. आपल्या हातांकडे बघितलं. नखांत ग्रीस होतं.

‘मोटार आवाज करतेय, असं बाबा मला आधीच म्हणाले होते,’ तो म्हणाला. ‘मी म्हटलं, उद्या बघतो.’

आपल्या आयुष्यात करवत पुष्कळांना पुष्कळ बोलली होती. त्यातलं निम्मं अंगाला लागायचं नाही, कारण ते ओरडून बोललेलं असायचं. हे ती ओरडून बोलली नाही.

‘तुमचा उद्या आलाय जावईबापू,’ ती म्हणाली. ‘आता बघा.’

‘बघतो,’ तो म्हणाला.

उद्या म्हणाला नाही. ते तिच्या कानावर आलं, पण ध्यानात आलं नाही. आतून लेक बाहेर येत होती, आणि खाटेवर नवरा मान टाकून पडला होता, तिथे तिचं सगळं लक्ष. आता त्याला ड्रमापर्यंत जाववतही नव्हतं. ती वाटीने त्याच्या ओठांना पाणी लावायची आणि ते कोपऱ्यातून गळायची वाट बघत बसायची.

८

धाकटा जावई सकाळीच आला. एकटाच, हत्यारांची पिशवी न घेता. आई, तुम्ही बाजारात जाऊन या, म्हणाला, तुमचं काम बुडतंय, मी बसतो बाबांजवळ. मोठ्या दवाखान्यात न्यायची गाडी दुपारी यायची होती. ती गेली. का गेली, हे कुणी तिला विचारलं नाही. दमली होती, दुसरं काय. त्या डोळ्यांपासून घटकाभर लांब असावं असं तिला वाटलं.

परत येताना गिरणीपाशी तिचे पाय थबकले.

आवाज येत होता. फाटका, घोगरा, पण त्याचाच. घरातून रस्त्यापर्यंत येत होता.

ती धावत सुटली. रेडिओ खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. गाल खपाटीला गेलेले, हनुवटीखालची कातडी रिकामी लोंबत होती, आणि तोंड उघडं. आत जीभ होती, सगळ्यांना असते तशी, लाल. भूक लागलीय, म्हणत होता. चहा का नाही ठेवलास, आज माझा आवाज ऐकू नाही आला का, म्हणत होता. तिने पेज करून भरवली. तो खात होता आणि बोलत होता, पेजेत मीठ कमी आहे, पट्ट्याला एवढी भोकं कुणी पाडली, शेजारणीचं शिवणयंत्र तेल मागतंय. करवत त्याच्या तोंडाकडे बघून हसत होती आणि डोळे पुसत होती. दर घासाला ती आत बघत होती.

‘जावई कुठे गेले?’ मग तिला आठवलं.

रेडिओ पेजेबद्दल बोलत राहिला.

दाराशी धाकट्या जावयाच्या चपला होत्या. खाटेपासून मोरीतल्या ड्रमापर्यंत ओली पावलं, ड्रमापासून दारापर्यंत ओली पावलं, आणि पुढे उन्हात वाळून गेलेली. अनवाणीच गेला होता. तिने नवऱ्याला खांद्याला धरून हलवलं. इथे काय झालं, तो माझा जावई काय करून गेला, असं तिने विचारलं, दोनदा विचारलं. रेडिओ बोलायचा थांबला. तोंड उघडं ठेवून तो मोरीकडे बघत राहिला. कुणीतरी हातातलं पोर काढून घ्यावं, तसे त्याचे हात मांडीवर उताणे पडले होते.

‘त्याला म्हणावं, गिळू नकोस,’ तो म्हणाला. ‘ठसका आला तरी.’

आणि पेजेला मीठ मागितलं.

९

आता सगळ्यांचा विश्वास बसला आहे.

लेक नवऱ्याला घेऊन येईपर्यंत रस्त्याला कळलं होतं. तो आपल्या पायांनी आला, अनवाणी, मान जपून धरत, काठोकाठ भरलेलं भांडं आणावं तसा. येऊन त्याच खाटेवर बसला. ओठ मिटलेले. लेकीने त्याच्यापुढे पाणी धरलं. त्याने घेतलं, आणि थोड्या वेळाने ते कोपऱ्यातून गळलं, हनुवटीवरून, गळ्यावर. नणंद आली होती, ती यावेळी दाराच्या आत आलीच नाही. बाजारातली माणसं रस्त्यावर उभी होती, सेल संपल्याची आठवण कुणाला झाली नाही. डॉक्टरने पट्टी पिशवीतून बाहेरसुद्धा काढली नाही. मॅडमना कुणी निरोप धाडला कोण जाणे, पण त्याही होत्या. त्या एकट्याच धाकट्या जावयाच्या जवळ गेल्या, कान त्याच्या गालापाशी नेला आणि ऐकत राहिल्या. मग हळूच मागे सरल्या. चेहऱ्यावर भीती होती, पण नुसती भीती नव्हती. तेवढ्यासाठी करवतीला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

ऐकायला जवळ जायची गरज नव्हती. आता तो एक आवाज नव्हता. बारीक होते, पुष्कळ होते.

‘आई,’ लेक म्हणाली. ‘तू म्हणत होतीस तेव्हा मी ऐकलं नाही. आता ऐकते. बाबांना हे झालं, यांना हे झालं. कुणी केलं हे सगळं?’

नणंदही बोलली, बाहेरूनच. तूच सांग वहिनी. तुलाच ठाऊक आहे.

करवतीच्या उभ्या जन्मात असं झालं नव्हतं. एवढी माणसं जमलेली, आणि सगळी गप्प, ती बोलायची वाट बघत. आतल्या खोलीत निजवलेला रेडिओसुद्धा थांबला होता. तिच्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं. कोरडी टाकी, भिंतीवरची पाण्याची रेघ, नखांतलं ग्रीस. आणि तिचं स्वतःचं वाक्य, न ओरडता बोललेलं. आता बघा. ते वाक्य तिच्या तोंडात आलं, जिभेवर आलं, दातांपर्यंत आलं. लेक डोळ्यांत प्राण आणून तिच्या ओठांकडे बघत होती. खाटेवरून धाकटा जावईही बघत होता, गाल सावकाश हलवत. त्याच्या नजरेत तक्रार नव्हती.

करवतीने ते वाक्य गिळलं. तिने गिळलेलं हे पहिलंच.

‘कुणी केलं, आई?’

‘जावई.’